कायमचा पत्ता

आमच्याकडे न्यू जर्सीत त्या काळी पाहुण्या आईवडिलांची तपासणी कोटांच्या खोलीत व्हायची. कुणाच्याही घरी जमायचं झालं की आलेल्यांचे कोट एका बेडरूममधल्या पलंगावर टाकलेले असत. जेवणं झाली की मंडळींतल्या डॉक्टरांपैकी कुणीतरी एखाद्या काकांना किंवा मावशींना हळूच त्या खोलीत घेऊन जाई. कोट बाजूला सारून जागा करायची, दार लोटून घ्यायचं, बीपी बघायचं, पाय सुजलेत का ते बघायचं, आणि खिशातून सॅम्पलच्या गोळ्यांची पट्टी काढून द्यायची. बाहेर आल्यावर मावशी म्हणायच्या, "चला, आमचं फुकटात झालं," आणि सगळे हसायचे.

सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाला इथे रीतसर डॉक्टरकडे नेलं तर काय बिल येतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून ही पद्धत. मला तिच्यात वावगं काही दिसलं नव्हतं. माझी आईही एका रविवारी दुपारी अशीच कोटांमध्ये आडवी झाली.

वडील जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आई सांगलीत दोन भाड्याच्या खोल्यांत एकटी राहत होती. नगरपालिकेच्या शाळेत तिने एकतीस वर्षं शिकवलं होतं. पाचवीच्या मुलांना इंग्रजी मुळाक्षरं गिरवायला लावणारी ती बाई, त्यामुळे इंग्रजी तिला अगदीच परकं नव्हतं. बोलायची नाही, पण समोरच्याचं हळू बोलणं तिला कळायचं. हे मी विसरलो होतो. किंवा सोयीचं असेल तेव्हा विसरत होतो.

तपासणारे डॉक्टर नागपूरचे, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठे. त्यांनी पोटावर उजवीकडे हात ठेवला.

"किती दिवस दुखतंय, मावशी?"

"दुखतं असं नाही हो. जेवल्यावर जरा जड वाटतं."

"मी दाबतो तेव्हा तुमचा चेहरा दुसरंच सांगतोय."

"चेहरा पहिल्यापासून असाच आहे," आई म्हणाली.

ते हसले, पण मला हाताने बाहेर बोलावलं. तळघरात जायच्या जिन्यावर आम्ही दोघं उभे राहिलो. खाली कुणीतरी तबल्यावर हात साफ करत होतं.

"गॉलब्लॅडर आहे. खडे असणार. इथे कोटांवर भागणारं काम नाही हे. इन्शुरन्स काढलाय ना?"

मी नकारार्थी मान हलवली.

"काय यार. दोनशे-तीनशे डॉलरांसाठी?"

"हो."

इन्शुरन्सचा फॉर्म मी आणला होता. आई येण्याआधी महिनाभर तो स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, कुपनं आणि रबर बँडांच्या खाली पडून होता. वेस्ट विंडसरला तेव्हा मक्याच्या शेतांमधून नवी घरं उभी राहत होती आणि ओळखीची मंडळी एकेक करून तिकडे सरकत होती. आम्हीही डाऊन पेमेंट साठवत होतो. सहा महिन्यांत काय होणार आहे, असं मी बायकोला म्हणालो होतो. आईच्या व्हिसासाठी मात्र मी कागदावर सही करून दिली होती की हिचा सगळा खर्च, आजारपणासकट, माझ्यावर. ती सही करताना मला काहीच वाटलं नव्हतं. व्हिसासाठी सगळेच तशी सही करतात.

डॉक्टरांनी जिन्याचा कठडा दोनदा थोपटला. "मग प्रायव्हेटला नेऊ नको. काउंटीच्या सरकारी हॉस्पिटलला ने. ते दारातून परत पाठवत नाहीत. आणि ऐक, तिथे विचारतील, पेशंट इथे राहते का पाहुणी आहे. इथे राहणाऱ्याला मिळकत बघून सवलत देतात, पाहुण्याला पूर्ण दर लावतात. तू म्हण, माझ्याकडेच असते. सगळे तेच म्हणतात."

"आणि नंतर कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय?"

त्यानंतर मी चार दिवस घालवले. ऑफिसात एका पुलाची ड्रॉइंग्ज द्यायची होती, हे खरं आहे. आई दर संध्याकाळी "आज बरं आहे" म्हणायची, हेही खरं आहे. पण या दोन खऱ्या गोष्टींच्या आड मी उभा होतो एवढंच. गुरुवारी सकाळी माझी सात वर्षांची मुलगी आमच्या खोलीत येऊन म्हणाली, "आजी इज शेकिंग." दोघी एकाच खोलीत झोपत. आईच्या अंगात ताप फणफणला होता आणि डोळे पिवळे दिसत होते.

काउंटीचं हॉस्पिटल म्हणजे विटांची जुनी, लांबलचक इमारत. तातडीच्या विभागात त्यांनी आईला लगेच आत घेतलं, रक्त काढलं, सलाईन लावलं. त्यांच्या कामात मी खोट काढू शकत नाही, आजही नाही. दुपारी सांगितलं की ऑपरेशन लागेल, आणि वॉर्डात हलवायच्या आधी तिला चाकांच्या खुर्चीत बसवून, सलाईनच्या खांबासकट, कागदपत्रांच्या खोलीकडे पाठवलं. खुर्ची मी ढकलत होतो.

त्या खोलीत टेबलामागे एक काळ्या वर्णाच्या, साठीकडे झुकलेल्या बाई होत्या. चष्म्याला साखळी, स्वेटरच्या बाहीत खोचलेला रुमाल. आमच्याकडे शाळेत मुख्याध्यापिकेच्या हाताखाली कार्यालय सांभाळणाऱ्या बाई असतात ना, अगदी तशा. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, उठून कुठूनशी एक चादर आणली आणि तिच्या गुडघ्यांवर घातली. मग टाइपरायटरमध्ये फॉर्म सरकवला.

नाव, जन्मतारीख, आजार. सगळं इंग्रजीत चाललं होतं, हळूहळू, कारण त्या प्रत्येक उत्तर माझ्याकडून दोनदा म्हणवून घेत होत्या.

"या इथे तुमच्याकडे राहतात?"

"हो."

"म्हणजे भेटीला आल्यात, की राहायला?"

मला जिन्यावरची शिकवण आठवली. आणि ती पुरेशी नाही असं वाटून मी स्वतःची भर घातली. "माझे वडील गेले. तिकडे तिचं कुणी नाही. आता ती आमच्याकडेच राहणार आहे."

"कायमची?"

"हो. कायमची."

टाइपरायटर खडखडला. बाई म्हणाल्या, "चांगला मुलगा आहे तुमचा, मामा," आणि आईकडे बघून हसल्या. मामा म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

आईचा मोकळा हात माझ्या शर्टाच्या बाहीवर आला. मला वाटलं तिला कळ आली. मी खाली वाकलो. ती माझ्याकडे पाहत होती. तापलेल्या, पिवळ्या डोळ्यांनी, पण इतकं थेट तिने माझ्याकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. बाही तेवढी धरून ठेवली, वॉर्ड येईपर्यंत. मला खुर्ची एका हाताने ढकलावी लागली.

तिला काय वाटलं हे मला तेव्हाच कळलं. कळलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो, म्हणून हे इथे लिहून टाकतो. वडील गेल्यापासून ती ज्या वाक्याची वाट पाहत होती, ते मी मराठीत एकदाही बोललो नव्हतो. तेराव्याच्या दिवशी नाही, विमानतळावर नाही, पत्रातही नाही. आदल्याच वर्षी मला इथलं नागरिकत्व मिळालं होतं, तिच्यासाठी अर्ज करता आला असता. मी तो विषय काढायचं टाळत होतो, आणि टाळण्याचं कारण म्हणून मनातल्या मनात बायकोचं नाव घेत होतो. दोन बेडरूमचं अपार्टमेंट, तिची लॅबमधली नोकरी, तिला नाही जमणार. बायको कधीही नाही म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. पोटावर वीतभर चीर, नळी, आणि बाजूच्या खाटेवरची एक पोलिश म्हातारी, जिला आईचं बोलणं कळत नव्हतं आणि आईला तिचं. तरी दोघींची गट्टी जमली. एकमेकींचा जेलोचा, म्हणजे गोड जेलीचा, वाडगा बदलून घ्यायच्या, हिला लाल आवडायचा, तिला हिरवा.

तिसऱ्या दिवशी मी गेलो तर आई उशांना टेकून बसली होती.

"एअरोग्राम आणलाय का?"

आम्ही एअरोग्राम नेहमी गाडीत ठेवत असू. निळा, घडीचा, एका डॉलरच्या आतला. मी घेऊन आलो.

"सुई उजव्या हातात आहे. तू लिही. मामाला लिहायचंय."

मी पलंगाच्या सरकत्या टेबलावर कागद पसरला. ती सांगू लागली. वर्गात शुद्धलेखनच घालत होती जणू, थांबून, शब्द सुटे करून.

"चिरंजीव बंधूस अनेक आशीर्वाद. माझं ऑपरेशन झालं. काळजीचं कारण नाही. लिहिलंस? पुढे. मी आता इकडेच राहणार आहे. मुलाने इथल्या सरकारी माणसांपुढे तसं सांगितलं आहे. तरी खोल्या सोडायच्या आहेत असं मालकांच्या कानावर घाल. ते आनंदाने उड्या मारतील. मारू देत."

मी थांबलो.

"लिही ना. उड्या मारतील हे नको लिहूस हवं तर."

मी लिहिलं. शिलाई मशीन मामांच्या मुलीला द्यायचं. वडिलांची सायकल शेजारच्या कंपाउंडरला, तो रोज हवा भरून ठेवतो. तांब्याचा बंब कुणी मागेल त्याला देऊ नये, वजनावर विकावा. वडिलांचा फोटो मात्र काचेसकट नीट बांधून, येणाऱ्या माणसाबरोबर इकडे पाठवावा.

"काच फुटेल," मी म्हणालो. त्या सगळ्या पत्रावर मी घेतलेली ही एकच हरकत.

"मग काच काढून पाठव म्हणावं. तूही बाकी..." ती दमून मागे टेकली. "चिकटव नीट. कडा ओल्या कर."

मी तिच्यासमोर कडा चाटून एअरोग्राम चिकटवला. मामांचा पत्ता लिहिला. हॉस्पिटलच्या दारातच निळी टपालपेटी होती. तिच्यासमोरून मी गाडीत आलो आणि पत्र सीटसमोरच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलं. नॅपकिन्स, नकाशे आणि पेट्रोलच्या पावत्यांखाली.

टाकायचं नाही असं ठरवलं नव्हतं. टाकायचं असंही ठरवलं नव्हतं. तिला जरा बरं वाटू दे, मग सांगू, असं काहीतरी होतं डोक्यात. मी हे वाक्य रोज गाडी सुरू करताना म्हणत असे आणि बंद करताना म्हणत असे.

अकराव्या दिवशी ती घरी आली. येऊन दोन महिने होऊन गेले होते, पण तोवर तिचे कपडे सूटकेसमध्येच असत. रोज सकाळी सूटकेस पलंगाखालून ओढायची, साडी काढायची, परत कुलूप लावायची. आता तिने नातीकडे कपाटातला एक खण मागितला.

"ऑल युवर्स, आजी," मुलगी म्हणाली आणि आपल्या बाहुल्या खालच्या खणात हलवल्या.

आईने साड्या लावल्या. सूटकेस रिकामी झाली तेव्हा मला हाक मारून म्हणाली, "ही आता अडगळीत टाकली तरी चालेल."

त्या दिवशी बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. हातात भांडी, नळ सोडलेला.

"आई कपाट लावताहेत. मला म्हणाल्या, तुझ्या लॅबच्या वेळा लिहून दे, मी पोळ्यांचं बघत जाईन. काय चाललंय?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी जिन्यावर सांगितलेलं, टेबलापाशी मी बोललेलं, पत्र.

तिने नळ बंद केला.

"मला न विचारता?"

"ते फॉर्मसाठी होतं."

"म्हणजे खोटं."

"सगळे तसंच..."

"सगळ्यांच्या आया तिथे खुर्चीत बसून ऐकत नव्हत्या." तिने हातातली भांडी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "हे बघ, राहू देत म्हणालास तर मी नाही म्हणणार नाही. चिडेन, रडेन, पण नाही म्हणणार नाही. मात्र त्यांना असं मधे लटकत ठेवू नकोस. खरं कर, नाहीतर खोटं होतं म्हणून सांग. आजच सांग."

मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायकोने मोकळी वाट करून दिल्यावर माझ्याजवळ सबब उरली नव्हती. तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की अडचण खोल्यांची नव्हती आणि बायकोचीही नव्हती. मलाच नको होतं. म्हाताऱ्या आईचं रोजचं असणं, तिच्या औषधांच्या वेळा, तिचं एकटेपण, आपण कुठून आलो याची घरातली रोजची आठवण. मी बारा वर्षं कष्टाने एक आयुष्य उभं केलं होतं आणि त्यात तिच्यासाठी सहा महिन्यांचीच जागा ठेवली होती. हे लिहिताना मला लाज वाटते. पण तेव्हा लाजेपेक्षा थकवाच जास्त होता. नुसतं पडून राहावं, कुणी काही विचारू नये, असं वाटायचं.

आई दर चारपाच दिवसांनी विचारायची, "मामाचं पत्र आलं का?"

"यायला वेळ लागतो."

"हो. एवढा समुद्र."

तीन आठवडे झाले. टाके दाखवायला हॉस्पिटलात जायचं होतं. मी ऑफिसातून अर्धी रजा घेतली. मार्चची सकाळ होती, रस्त्याच्या कडेला काळा पडलेला बर्फ. गाडीत हीटर लावला की आईच्या नाकाला पाणी सुटायचं. तिने नॅपकिनसाठी ग्लव्ह बॉक्स उघडला.

मी पाहिलं. सिग्नल हिरवा होता, मी गाडी चालवत राहिलो.

तिने एअरोग्राम काढला. माझ्याच अक्षरातला मामांचा पत्ता वाचला, पलटून चिकटवलेली कड पाहिली. नॅपकिनने नाक पुसलं.

"हे इथेच आहे."

"विसरलो," मी म्हणालो.

मी अजून एक संधी घालवली हे मला कळत होतं. पुढच्या चौकात गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "तू लहानपणीसुद्धा असाच. प्रगतिपुस्तक दप्तरात ठेवून फिरायचास. मार्क कमी म्हणून मी कधी मारलं का तुला?"

"नाही."

"मग?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"चल," आई म्हणाली, "हिरवा झाला."

तिने पत्र पर्समध्ये ठेवलं. डॉक्टरांनी टाके पाहिले, छान भरून आलंय म्हणाले. बाहेर आल्यावर मी गाडीकडे वळलो तर ती उभीच राहिली. बारीक किनारीची सुती साडी, वर माझा जुना पार्का कोट, पायात बायकोचे कॅनव्हासचे बूट.

"त्या बाईंकडे जाऊ. चष्म्याला साखळी असलेल्या."

"कशाला?"

"तिथे चुकीचं लिहिलंय. दुरुस्त करायला हवं."

"आई, त्याची काही गरज नाही. उगाच..."

"माझं नाव आहे त्या कागदावर," ती म्हणाली. "मी एकतीस वर्षं दाखले लिहिले. जन्मतारीख चुकली तरी रात्रभर झोप लागायची नाही."

बाईंनी आईला ओळखलं. उभ्या राहिल्या, रंग परत आला म्हणाल्या, खुर्ची दिली. आई बसली नाही. तिने टेबलाच्या कडेला दोन्ही हात ठेवले आणि जे बोलली ते वाटेत मनातल्या मनात जुळवून आणलेलं असणार, कारण एकदाही अडखळली नाही.

"मॅडम, आय ॲम अ व्हिजिटर. आय हॅव माय हाउस इन इंडिया. आय ॲम गोइंग बॅक. प्लीज करेक्ट इट."

बाईंनी चष्मा काढला. तो साखळीवर लोंबकळत राहिला. त्या आईकडे पाहत होत्या, पण बोलल्या माझ्याशी, आवाज खाली आणून. "सर, हे बदललं तर बिल बदलतं. पूर्ण दर लागतो. त्यांना हे माहीत आहे?"

मी आईला मराठीत सांगितलं.

"मला कळलं त्या काय म्हणाल्या ते," आई म्हणाली. "आकडा किती होतो विचार. माझ्या फंडाचे पैसे आहेत थोडे."

"पैशाचं नाही गं."

"मग कशाचं आहे?"

बाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण तिथे बसून त्यांनी असली पुष्कळ माणसं पाहिली असणार. त्यांनी फाइल काढली, तो टाइप केलेला फॉर्म समोर ठेवला आणि मला सरळ विचारलं, "मग नक्की काय ते सांगा. तुमच्या आई इथे राहणार आहेत, की नाही?"

एवढा सोपा प्रश्न. भिंतीवर घड्याळ होतं, खालच्या मजल्यावर कुणाचं तरी मूल रडत होतं. मी हो म्हटलं असतं तर ते पहिल्यांदा खरं झालं असतं. बायकोने परवानगी दिली होती, कायद्याची अडचण नव्हती, साड्या कपाटात लागल्या होत्या. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. फॉर्म उलटा होता, तरी ती तो वाचत होती. मला वाटतं ती मला पुरेसा वेळ देत होती. घाई केली असं मला पुढे म्हणता येऊ नये म्हणून.

"ती परत जाणार आहे," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. नवा फॉर्म टाइपरायटरमध्ये घातला नाही. एका ओळीवर रेघ मारली आणि पेन आईपुढे केलं. "मामा, इथे तुमचा कायमचा पत्ता लिहा."

आता आई बसली. उजव्या हातावर सुईचा काळानिळा डाग अजून होता. तिने फळ्यावर लिहावं तशा सुट्या, सारख्या उंचीच्या इंग्रजी अक्षरांत सांगलीचा पत्ता लिहिला. घर क्रमांक, पहिला मजला, गल्ली, मारुतीच्या देवळामागे हेसुद्धा लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "पिन कोड ऑल्सो?"

"ऑल्सो," बाई म्हणाल्या. आणि या वेळी मी चांगला मुलगा असल्याचं काही बोलल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर आईने एकच विचारलं, तिकिटाची तारीख पुढे ढकलावी लागेल की आहे तीच चालेल. आहे तीच चालण्यासारखी होती. घरी आल्यावर तिने साड्या परत सूटकेसमध्ये भरल्या. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "बट आय गेव्ह हर द शेल्फ." आई तिला जवळ घेऊन म्हणाली, "खण तुझाच आहे, बाळ. मी जरा वापरला." माझ्याशी ती शेवटपर्यंत नीट वागली. जायच्या आदल्या दिवशी माझ्यासाठी डब्बाभर मेतकूट करून ठेवलं. मला वाटतं ती रागावली असती तर मला झोप लागली असती.

पूर्ण दराचं बिल आलं. मी तिच्या फंडाला हात लावू दिला नाही. हॉस्पिटलने हप्ते बांधून दिले, चार वर्षांचे. ते भरताना मला प्रत्येक वेळी थोडं हलकं वाटायचं, आणि हे हलकं वाटणंही बरं नाही असं मनात यायचं. ज्याची भरपाई हवी होती ते काही त्या कागदावर नव्हतं. मी सोपं तेवढं फेडत होतो. वेस्ट विंडसरचं घर दोन वर्षं लांबलं, पण झालं. इन्शुरन्सचा तो फॉर्म घर बदलताना ड्रॉवरमध्ये सापडला, मी फेकून दिला. नव्या घरात कोटांसाठी वेगळं कपाट आहे. तळमजल्यावर एक खोली आहे, स्वतंत्र बाथरूमसकट. जिना चढायला नको. ती पाहताना बायको मला म्हणाली होती, "ही कुणासाठी ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. तू बोल."

मला बोलायला आणखी वर्ष लागलं. शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात गेला आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी फोन लावला. आईकडे फोन नाही. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे लावायचा, त्या जिन्यातून हाक मारतात, मग आई येते. दम लागलेला ऐकू येतो. ती आता सत्तरीला आली आहे. मी सेहेचाळीसचा.

तब्येत, पाऊसपाणी, मामांचा मोतीबिंदू, हे झालं. मालक अजून खोल्या सोडा म्हणतो का, तर म्हणतो. मग मी म्हणालो, आणि माझा आवाज मला परक्याचा वाटला, "आई, तू आता इकडेच राहायला ये. कायमची. खाली खोली आहे तुझ्यासाठी."

तारेतून समुद्राचा तो आवाज येतो, तसा थोडा वेळ येत राहिला.

"का रे?" आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, जरा हसूच होतं. "पुन्हा कुठला फॉर्म भरायचाय का?"

"नाही गं. खरंच."

"बरं," ती म्हणाली. "बघू. डॉक्टरीणबाईंना जेवायचंय, त्या थांबल्यात. मुलीला आशीर्वाद सांग." आणि फोन ठेवायच्या आधी, सवयीने, "तू जेवलास का?"

इथे सकाळचे नऊ वाजले होते. मी हो म्हणालो.